पाटीवर सगळे घरी

मी भित्री बाई आहे. आधीच सांगून टाकते, मागाहून कुणी म्हणायला नको. पाल, विंचू, स्मशानाकडचा रस्ता, यांचं मला काही वाटत नाही. पण ऑफिसात नवं काम आलं आणि कुणी म्हणालं, "चला, यूआयसाठी काय घ्यायचं ते ठरवून टाका," की मी देवाचं नाव घ्यायला लागते. हसू नका, खरं सांगतेय.

नागपूरच्या एका कंपनीचं काम मी वैनगंगेकाठच्या आमच्या गावातून, कारध्याच्या घरून करते. यूआय म्हणजे वेबसाइटचा जो भाग माणसाला दिसतो, बटणं, याद्या, रकाने, तो बांधायचा हे माझं काम. आता ही बटणं कुणी एकेक घडवत बसत नाही. आधी एक फ्रेमवर्क घ्यायचं, तो घराचा सांगाडा. मग त्यावर बसणारी एखादी कॉम्पोनंट लायब्ररी घ्यायची, त्यात दारं, खिडक्या, कड्या, नळ सगळं तयार मिळतं, एका रंगाचं, एका घाटाचं. कुठली घेतली त्याचं नाव सांगत नाही, आमच्या धंद्यात लोक यावरून जन्माचं वैर धरतात. घेताना सगळं गोड असतं. मग हळूहळू कळतं की आता तिच्या मनाप्रमाणे वागायचं आहे. रंग बदलायचा तर तिला विचारून, चौकट उघडायची तर तिच्या रीतीनं. आणि एकदा सगळं काम तिच्यावर उभं राहिलं की ती काढता येत नाही.

माझ्या भीतीला कारणही आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी मोठ्या हौसेनं एक लायब्ररी निवडली होती. दिसायला इतकी देखणी की बघत राहावं. पुढे ती बनवणाऱ्यांनीच तिला सोडून दिलं. ब्राउझर पुढे गेले, ती तिथेच राहिली, आणि एका सकाळी आमच्या गिऱ्हाइकाच्या पडद्यावरचे तारखेचे रकाने उघडेनात. ऑनलाइन मीटिंगमध्ये आमच्या टीमच्या लीडनं शांतपणे विचारलं, "ही कोणी निवडली होती?" पडद्यावरचे सगळ्यांचे चेहरे माझ्या चौकोनाकडे वळल्यासारखे वाटले. तेव्हापासून भीतीनं जे धरलं ते धरलं. काही निवडायचं म्हटलं की आधी मला ते मोडलेलंच दिसतं.

दुसरी भीती याहून जुनी, ती नदीची. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीचं. बाबा अजूनही पहाटे डोंगा, म्हणजे आमची छोटी होडी, घेऊन वैनगंगेत जातात. मी कमावते, तरी जातात. बंद करा म्हटलं की म्हणतात, "मंग दिवसभर करू काय, तुह्या तोंडाकडं पाहू?" डोंग्यात फोन नेत नाहीत. एक फोन नदीनं खाल्ला, दुसरा नको, म्हणून तो प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळून दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो. म्हणजे माणूस एकदा पाण्यावर गेला की त्याला बोलावायचं कसं, याला उत्तर नाही.

आणि आमच्याकडचं पाणी फसवं. इथं कडक ऊन असतं, आभाळ धुतल्यासारखं निळं, आणि पाऊस पडत असतो तिकडे वर, दुसऱ्याच मुलखात. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की ते पाणी काही तासांनी आमच्यापर्यंत येतं. सूचना येते, गावाच्या ग्रुपवर येते, नाही असं नाही. पण ती येते फोनवर, आणि फोन असतो खिळ्याला.

गेल्या वर्षी असंच पाणी आलं तेव्हा मच्छीमार सोसायटीचे सचिव घरोघरी पळत सुटले होते, कोण गेलंय आणि कोण नाही हे विचारत. साठीचा माणूस, अंगानं जड. मी त्यांना सचिव काका म्हणते, नात्याचे नाहीत. उन्हाळ्यात ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "पोरी, तू ते कंप्युटरचं करतेस ना? मले एक पाटी करून देजो. कोन पान्यात आहे, कोन घरी आहे, बसल्या जागी दिसलं पाह्यजे. मागच्या टायमाले पळता पळता माह्या छातीत कळ आली. मी मेलो तर बाकीच्याइले सांगन कोन?"

मी हो म्हणाले. गावात पहिल्यांदा कुणी मला माझ्या धंद्यातलं काही मागितलं होतं. आनंद झाला, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. कारण ऑफिसात बटण बिघडलं तर गिऱ्हाईक चिडतं, लीड बोलतो, झालं. इथं बटण बिघडलं तर? पुढचं मनातसुद्धा बोलवेना.

काम म्हटलं तर पोरखेळ. प्रत्येक घराच्या फोनवर एक पान, त्यावर एक बटण. निघताना दाबायचं, आल्यावर दाबायचं. आणि काकांच्या फोनवर सगळ्या नावांची पाटी, नावापुढे 'पाण्यात' नाहीतर 'घरी'. एवढंच. साध्या हातानं लिहिलं असतं तर एका दुपारचं काम. पण मला माझ्याच हाताचा भरवसा नव्हता. माझं बटण कुठल्याशा जुन्या फोनवर उमटलंच नाही तर? ओल्या बोटानं दाबलं गेलंच नाही तर? मी कितीतरी दिवस लायब्ऱ्या पाहत बसले. ही जड आहे, तिचं शेवटचं काम कधी झालंय कुणास ठाऊक, तिसरीच्या तक्रारींची यादी संपत नाही. ऑफिसची कामं बाजूला राहिली. शेवटी सगळ्यांत मोठी, सगळ्यांत नावाजलेली जी होती ती घेतली. जगभरातल्या माणसांनी तिची बटणं दाबून पाहिली आहेत, मग आपल्या कारध्यात काय होणार आहे, अशी मनाची समजूत घातली.

मग काकांनी एक शंका काढली. "घरात लहान पोरं असतात, खेळता खेळता दाबतीन. मानूस घरी झोपला अन्‌ पाटीवर पान्यात!" शंका बरोबर होती. आणि लायब्ररीत त्यावरचा उपाय तयार होता. एक ओळ लिहायची की झालं. बटण दाबलं की मागचं सगळं पान अंधारतं, मधोमध एक पांढरी चौकट हळूच वर येते आणि विचारते. मी त्यात लिहिलं, 'तुम्ही नदीवर जात आहात. नक्की?' खाली 'हो' आणि 'नाही'. काकांना दाखवलं, ते खूश. मीही खूश. ती चौकट वर यायची ती इतकी अलगद, की मी उगाच चार वेळा उघडून पाहिली.

सोसायटीच्या खोलीत सगळ्यांना बोलावून शिकवलं. माणसं सतरंजीवर मांड्या घालून बसलेली, चहा फिरतोय, थट्टा चाललेली. एकानं दाबलं, चौकट आली, 'हो' केलं, पाटीवर नाव उमटलं आणि हशा झाला. "पाय बे, तू बसल्या बसल्या बुडाला!" बाबांनीही दाबलं. एका माणसानं मात्र विचारलं, "हे काहून विचारते?" मी म्हणाले, "चुकून दाबलं गेलं तर म्हणून." तो "हं" म्हणाला आणि बाजूच्याकडे पाहिलं. बाजूच्यानं चहाचा कप तोंडाला लावला. मला वाटलं, पटलं त्यांना.

पावसाळ्यात पाटी सुरू झाली. नावं दिसू लागली. एक गोष्ट खटकायची. बाबा तर तांबडं फुटायच्या आत जातात, पण त्यांचं नाव 'पाण्यात' व्हायचं ते चांगलं ऊन वर आल्यावर. बाकीच्यांचंही तसंच. मी म्हटलं, रेंजची भानगड असणार. बटण पहाटे दाबलं जातंय, निरोप उशिरा पोचतोय. एक अख्खा रविवार मी तेच तपासत घालवला. काही सापडलं नाही, तेव्हा आणखी घाबरले. सापडलेली चूक परवडते, न सापडलेली चूक घरात शिरलेल्या सापासारखी असते.

आता त्या दिवसाचं सांगते. भादवा होता. रात्रभर पंखा लावून झोपावं इतकं उकडत होतं. सकाळी ऑफिसचा मोठा कॉल होता, मी मागच्या खोलीत दार लावून, कानाला हेडफोन लावून बसले. आई आदल्या दिवशीचे मासे घेऊन पहाटेच भंडाऱ्याच्या बाजाराला गेली होती. मधेच फोनवर ग्रुपची सूचना आली, वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आहेत, नदीपात्रात कुणी जाऊ नये. लगेच पाटी उघडली. बाबांच्या नावापुढे 'घरी'. म्हणजे आज लवकर परतले. हुश्श केलं. दोनच नावं 'पाण्यात' होती, तीही थोड्या वेळानं 'घरी' झाली. काकांनी त्या दोन घरी फोन करून, घरच्यांना काठावर पाठवून माणसं परत आणवली होती.

मग काकांचा मला फोन आला. आवाजात नुसती खुशी. "पोरी, पाटीवर सगळे घरी! मी खुर्चीवरून हाललो नाही. तुह्या पाटीनं काम केलं, बाप्पा!" मी लाजले. कॉलवर परत गेले तेव्हा लीडनं विचारलं, "काय झालं, हसतेस का?" मी म्हणाले, "काही नाही, गावातलं एक काम." त्या अर्ध्या तासात मी जितकी निर्धास्त होते तितकी आयुष्यात कधी नव्हते.

आई आली. रिकामी टोपली ओट्यावर आपटल्याचा आवाज आला, म्हणून मी दार उघडलं. ती पदरानं तोंड पुसत होती.

"तुहा बाप जेवला का?"

"बाहेर असतील, सोसायटीकडे वगैरे. मी कॉलवर होते."

"जाळं नाही दोरीवर," आई म्हणाली.

"पाटीवर तर घरी दाखवतंय, आई."

ती माझ्याकडे पाहायला लागली. "ते मीच दाबत असते ना रोज. आज अंधारात बजाराले गेली, राहून गेलं."

मला समजेना. "तू दाबतेस? बाबा नाही दाबत?"

"ते कायले दाबतीन? तो फोन टोकते ना, माय."

"टोकते म्हणजे?"

"मंग काय करते? मानसानं जाळं खांद्यावर घेतलं, पाय दाराबाहेर काढला, आन्‌ तो मधात विचारते, नक्की? नदीवर जानाऱ्याले असं कोनी विचारते काय? पहिल्या दिवशी विचारलं तर तुहा बाप परत फिरला, खाटेवर बसला, पानी पेला, मंग गेला. दुसऱ्या दिवसापासून त्या फोनले हात नाही लावला. सगळ्याइच्या घरी तसंच आहे. मानसं निघून गेली, कामं उरकली, की बाया दाबतात, आठवलं तर."

मला ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. कशी नसेल? लहान असताना मी बाबांना दारातून "कुठं चालले?" विचारलं होतं, तेव्हा आईनं पाठीत असा धपाटा घातला होता की दोन घास खाली गेले नाहीत. निघालेल्या माणसाला विचारायचं नाही, मागून हाक मारायची नाही, हे आमच्या घरात कुणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. सोसायटीच्या खोलीत माणसं निघालेली नव्हती, बसलेली होती, म्हणून तिथं 'नक्की?' कुणाला लागलं नाही. दारात लागलं. आणि मी वेडी रविवारभर रेंज शोधत बसले.

"मग मला कुणी बोललं का नाही?" मी ओरडलेच.

"तू येवढ्या हौसेनं केलं," आई म्हणाली. आणि मग तिला माझं तोंड दिसलं. "काहून? काय झालं?"

"पाणी सोडलंय, आई."

ती चप्पलसुद्धा न घालता ओट्यावरून उतरली. मी तिच्यामागे पळता पळता काकांना फोन लावला. "काका, पाटी खोटी आहे."

"म्हणजे? कितीक खोटी?"

"सगळीच धरा. बाबा पाण्यात आहेत. आणखी कोण कोण आहे माहीत नाही."

ते म्हणाले, "भोंग्यावर सांगतो." देवळाच्या भोंग्यावरून त्यांचा आवाज आला तेव्हा आम्ही नदीच्या वाटेवर होतो. ज्याचं माणूस नदीवर आहे त्यानं घाटावर या, असं ते म्हणत होते, आणि आवाज फाटत होता. घराघरातून बाया निघाल्या. एक म्हणाली, आमचाही गेला आहे. दुसरी म्हणाली, आमचे दोघंही. पाटीवर ही सगळी माणसं घरी होती. माझ्या पाटीवर.

घाटावर पोचलो तर नदी अजून शांत वाटत होती. तेच जास्त भीतीदायक होतं. मग लक्षात आलं की जलपर्णी सरकतेय. दिवसेंदिवस एका जागी तटून बसलेला तो हिरवा थर अख्खाच्या अख्खा खाली निघाला होता, काही आवाज न करता. पाण्याचा रंग फिरला होता, चहात माती कालवल्यासारखा. आई ज्या दगडावर कपडे धुते तो दगड मी पाहिला, बाजूच्या बाईनं काही विचारलं म्हणून मान वळवली, परत पाहिलं तर दगड नव्हता.

बायांनी घरून थाळ्या आणल्या होत्या, त्या बडवायला लागल्या. माणसं हाका मारत होती. खालच्या अंगानं, काठाला चिकटून एक डोंगा येताना दिसला. एका बाईनं त्याला ओळखून हंबरडा फोडला. मग आणखी एक आला. मग दोन एकदम, एकमेकांना धरून. प्रत्येक वेळी मी डोंग्यात बाबांची पांढरी बंडी शोधत होते. शेवटच्या डोंग्यातल्या माणसाला आईनं विचारलं, तो धापा टाकत म्हणाला, "रेतीवर होता. जाळं सोडवून राहिला होता. मी आवाज देल्ला, पण वारा उलटा होता."

खालच्या अंगाला नदीच्या मधात रेतीचं बेट आहे, त्यावर झाऊची झुडपं. आम्ही सगळे तिकडे पाहू लागलो. रेती दिसत नव्हती. झुडपांचे शेंडे तेवढे दिसत होते, आणि ते वाकून वाकून परत उभे राहत होते. दोन पोरं उडी मारायला निघाली, काकांनी त्यांच्या कमरेला मिठी घातली. "कोनी उतरायचं नाही! एक गेला तर चार नाही जानार!" एक गेला तर. आईनं ते ऐकलं. मीही ऐकलं.

त्या वेळी मला काय दिसत होतं सांगू? नदी नाही. ती चौकट दिसत होती. मागचं सगळं अंधारलेलं आणि मधे ती पांढरी चौकट, अलगद वर येणारी. 'नक्की?' बाबा दारात उभे, खांद्यावर जाळं, आणि मी त्यांना विचारतेय. मीच विचारत होते. लायब्ररीनं नव्हतं लिहिलं ते, मी लिहिलं होतं. झुडपांचे शेंडे एकेक करून गेले आणि परत आले नाहीत. मी आईचा हात धरायला गेले, तिनं हात काढून घेतला. रागानं नाही, तिला तो छातीशी हवा होता. पण मला वाटलं, आता ही मला कधीच हात लावू देणार नाही.

थाळ्या थांबल्या होत्या. सगळे नदीकडे तोंड करून उभे, आणि मागून आवाज आला, "काय पाहून राहिले वो तिकडं?"

बाबा होते. रस्त्याच्या बाजूनं आले होते. कुणाच्या तरी मोटरसायकलवरून उतरत होते, कमरेपर्यंत चिखल, बंडी फाटलेली, जाळं पोटाशी धरलेलं. पाण्याचा रंग फिरलेला पाहताच त्यांनी डोंगा सोडला होता. बेटाच्या पलीकडची एरवी उथळ असणारी धार छातीभर पाण्यातून ओलांडली, धानाच्या बांधांवरून चालत सडकेला लागले आणि दिसेल त्या गाडीला हात करून पुलावरून अलीकडे आले. हे सगळं नंतर कळलं. आधी आई त्यांच्यावर धावून गेली आणि दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारायला लागली. चारचौघांत. "डोंगा कुठं आहे? कुठं आहे डोंगा? डोंगा नसला की मानूस काय समजन? काय समजन मानूस?" ते नुसते उभे राहून मार खात होते, आणि जाळं ओलं आहे, साडी भिजेल, असं काहीतरी पुटपुटत होते.

मी रस्त्यावरच बसले होते. बाबा जवळ आले. "तू कायले रडतेस? आलो ना."

"तुम्ही बटण का नाही दाबलं?" मला एवढंच म्हणता आलं.

ते ओशाळले. खरंच ओशाळले, चूक त्यांचीच असल्यासारखे. "चांगलं केलं आहे तू. सगळं चांगलं आहे. फक्त ते जरासं विचारते," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी ती ओळ काढली. एका ओळीचं तर काम होतं. पण मग प्रत्येक तयार तुकड्याकडे संशयानं पाहायला लागले. हा बाहेरून आलेला तुकडा आमच्या दारात काय बोलेल? कुणाला थांबवेल? एकेक काढत गेले आणि शेवटी अख्खी लायब्ररी गेली, फ्रेमवर्कही गेलं. उरलं एक पान आणि हातानं लिहिलेलं एक मोठं बटण. दाबलं की रंग बदलतो, विचारत काही नाही. पोरानं चुकून दाबलं तर काका घरी एक फोन करतील, तेवढं चालेल, असं काकांनी स्वतःच ठरवलं. लीडला सांगितलं तर तो म्हणाला, "एका चौकटीसाठी एवढं सगळं उपटलंस?" मी म्हणाले, "हो." आणखी काय सांगणार?

सोसायटीनं नवा डोंगा दिला आणि पाणी ओसरल्यावर बाबा पुन्हा निघाले. मी मुद्दाम उठून बसले होते. त्यांनी जाळं खांद्यावर घेतलं, खिळ्यावरचा फोन उतरवला, पन्नीवरूनच बोट टेकवलं, रंग बदललेला पाहिला, फोन परत टांगला आणि गेले. माझ्या लॅपटॉपवर त्यांचं नाव तेव्हाच 'पाण्यात' झालं, अंधारातच. मग बाकीची नावं, एकामागून एक. पाटी पहिल्यांदा खरी झाली होती. मला वाटलं होतं, आता माझी भीती जाईल.

कुठची जाते! खोटी पाटी पाहून निदान अर्धा तास तरी मी सुखात होते. आता पाटी उघडली की बाबा पाण्यात, आणि ते पाण्यातच आहेत. दुसरा टॅब उघडते, काम करते, परत येते. पाण्यात.

आई स्वयंपाकघरातून आली. इतकी वर्षं संसार केला, बाबा नदीवर गेले की ही बाई कुणाला एक शब्द विचारत नसे. भाकरी थापायची, अंगण झाडायची, कामाला लागायची. विचारणार तरी कुणाला, नदीला? आता पिठाच्या हातानं माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"पाय ना, आला का?"

"नाही, आई. पाण्यात आहेत."

ती गेली. दोन भाकरी झाल्या असतील नसतील, परत आली.

"पाय ना."

"आत्ताच तर पाहिलं."

"ते मघाचं झालं," आई म्हणाली. "आताचं पाय."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातावरचं पीठ सुकून भेगाळलं होतं. मी ही पाटी दिली नव्हती तोवर हिच्याकडे विचारायला काही नव्हतं. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि चुलीवरची भाकर करपल्याचा वास येईपर्यंत आम्ही दोघी त्या एका नावाकडे पाहत राहिलो.